चौकोन सोडून

बोलायच्या आधी ती भिंतीला हात लावायची. कोणाच्याही घरी गेली की उंबऱ्याच्या आत येतायेताच तिचा उजवा तळवा भिंतीवर टेकायचा, क्षणभर तिथेच राहायचा, मग तो उलटा करून ती बघायची आणि त्यानंतर विचारायची, "काय चाललं बाप्पा?" लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात ना, अगदी तसं. नवख्या माणसाला वाटायचं, बाई थकली आहे, आधार शोधते आहे. तिच्याइतकी खमकी बाई त्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

सगळं गाव तिला मोठीमाय म्हणायचं. आमच्याकडे आईच्या थोरल्या बहिणीला मोठीमाय म्हणतात. हिची धाकटी बहीण असल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, तरी गावातली पन्नास-साठ माणसं तिची भाचरं होती आणि पुढे मीही त्यांत जमा झालो. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे. पण नाव घेण्याबाबत तिचे स्वतःचे काही नियम होते, ते पुढे येतीलच. तेव्हा ते राहू द्या.

मी त्या वेळी मलेरियाच्या कामावर नुकताच लागलो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वय बावीस, अंगात खाकी शर्ट, बुडाखाली जुनी सायकल आणि खांद्याला झोळी. झोळीत काचा, सुया, स्पिरिटची बाटली, कापूस आणि पांढऱ्या गोळ्यांचा डबा. बीबी या बाजारगावाच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं, घरात कोणाला ताप आहे का, मागच्या पंधरवड्यात येऊन गेला का. असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि चार गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत गिळायला लावायच्या. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर गेरूनं छापलेला एक चौकोन असायचा. त्यात तारीख टाकायची, सही करायची, पुढच्या घरी जायचं.

सांगायला सोपं आहे. माणसं ताप लपवायची. सरकार रक्त नेऊन विकतं, अशी एक बातमी माझ्या आधीच गावोगाव पोचली होती. घरात गोधडीखाली माणूस कुडकुडत असायचा आणि दारात बाई मला हसून सांगायची, "सगळे बरे हायेत भाऊ." सुरुवातीचे दोन महिने माझ्या झोळीतल्या काचा जशा गेल्या तशा कोऱ्या परत आल्या. साहेब वैतागले होते, आणि मी नोकरी सोडून घरी जायच्या विचारात होतो.

तेव्हा मोठीमाय भेटली. पहिल्याच दिवशी तिनं मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि वर न बघता म्हणाली, "वरच्या आळीत तिसरं घर. त्या बाईची आज तापाची पाळी हाय. दिवस कासराभर वर आला का हुडहुडी भरन. आताच नको जाऊ, च्या पे."

मी चहा पिऊन गेलो. दिवस कासराभर वर आला होता आणि बाई वाकळ पांघरून थडथडत होती.

त्या दिवसापासून माझी ददात मिटली. गावात दिसाआडचा ताप कोणाला आहे, कोणाची पाळी आज, कोणाची उद्या, कोणाचा ताप सकाळचा आणि कोणाचा दुपारचा, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असे. माणसं मला जे सांगत नसत ते तिला सांगत. त्या भागात सगळ्यांत जास्त ताप शोधणारा माणूस म्हणून साहेबांनी मला चारचौघांत शाबासकी दिली. मी ती खाली मान घालून घेतली. खरी मानकरीण ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

तिला मात्र डासाबिसाचं काही पटलेलं नव्हतं. तिच्या मते तापाला घर पाठ असतं. तो दिसाआड त्याच वेळेला येतो, दार ओळखतो, आणि माणूस घरात नसला तर परत जातो. म्हणून ज्याची पाळी असेल त्यानं त्या दिवशी उन्हं वर यायच्या आत घर सोडायचं, रोजच्या वाटेनं जायचं नाही, आणि दिवसभर कोणी त्याला नावानं हाक मारायची नाही.

"नाव घेतलं का तापाले ठिकाना लागते," ती सांगायची.

मी हसायचो. "मोठीमाय, ताप डासामुळे येतो. आजारी माणसाला चावलेला डास चांगल्या माणसाला चावला की—"

"पाऊसकाळात डास साऱ्याइलेच चावते. मंग साऱ्याइले काऊन येत नाही?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "असन बाप्पा." हे तिचं 'असन' तुम्ही ऐकायला हवं होतं. त्यात होकारही नसे, नकारही नसे. एखाद्या पाहुण्याचं ताट वाढून ठेवावं आणि आपण आपल्या कामाला लागावं, तसं ते असे.

तिचा खरा मान होता तो पोताऱ्याचा. पांढरी माती भिजवून, चाळून, त्यात शेण कालवून भिंतीवर हातानं लेप द्यायचा, तो पोतारा. गावातल्या सगळ्याच बाया तो देत, पण मोठीमायच्या हाताची भिंत वेगळी ओळखू यायची. ती खालून वर कधीच हात न्यायची नाही. कोपऱ्यापासून सुरू करायची आणि एका दमात अर्धवर्तुळं काढत जायची. भिंत वाळली की त्या अर्धवर्तुळांची मंद नक्षी उठायची. लग्नघर असो, पहिलं बाळंतपण असो, तिला बोलावणं जायचंच. आणि भिंतीवर टेकणारा तो तळवा ओल बघत असे, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

माझं आणि तिचं वाजलं ते याच पोताऱ्यावरून.

पोळा झाला की आमची फवारणीची टोळी यायची. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. गावभर धावपळ व्हायची. बाया भांडी, वाकळी, देव, मिरच्यांची गाडगी, सगळं अंगणात काढून ठेवायच्या. टोळी गेली की प्रत्येक भिंतीवर पांढरे ओघळ आणि पांढरे डाग राहायचे, आणि घरभर आठवडाभर नाकात बसणारा वास. तो डाग हेच औषध. डास भिंतीवर बसला की त्याच्या पायाला ते लागायचं आणि तो मरायचा. त्याला हात लावायचा नाही, हे मी घरोघरी घसा फुटेस्तोवर सांगायचो.

आणि दसऱ्याच्या आधी मोठीमाय आपली माती भिजवून निघायची. चार दिवसांत गावातली एकेक भिंत पुन्हा स्वच्छ, गुळगुळीत, अर्धवर्तुळांची. आमचं सगळं औषध मातीखाली. गंमत म्हणजे गेरूचा तो चौकोन मात्र ती सोडायची. त्याच्या चारही कडांनी अगदी सरळ रेषेत हात फिरवायची. "सरकारी कागद हाय तो, पुसू नये," असं तिचं म्हणणं. सरकारचं औषध पुसायचं आणि सरकारची सही राखायची.

एकदा मी रागावलो. तिच्याच ओट्यावर, पाच-सहा बाया बसलेल्या असताना. "मोठीमाय, तुम्ही अख्ख्या गावाचं औषध मातीत घातलं! आता डास मरणार कसे?"

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मातीत बी टाकलं तं उगवते का नाही?"

"उगवतं."

"कांदा मातीत गाडला तं त्याचा वास जाते का?"

"नाही जात."

"मंग तुह्यंच औषध मातीखाली काऊन मरते? इतकं कच्चं हाय का सरकारचं औषध?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बावीस वर्षांच्या माणसाला चारचौघींत उत्तर सुचलं नाही की तो काय करतो? फुगून बसतो. मी ठरवून टाकलं की यापुढे हिच्याशी डोकं लावायचं नाही. पोतारो नाहीतर काही करो. त्या फुगण्याची किंमत काय होती, तेच सांगायला हे लिहायला बसलो आहे.

त्याच वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आली. मोठीमायचा नवरा फार लवकर गेलेला. ही एकच लेक, दोन वर्षांपूर्वी रोहिणखेडकडे दिलेली. एस.टी.च्या दोन गाड्या बदलून आणि शेवटी बैलगाडीतून ती आली, तेव्हा मोठीमायनं अंगणात दार उघडणारी मधली खोली तिच्यासाठी तीन वेळा पोतारली. गावातल्या कोणत्याही लग्नघराची भिंत तिनं इतक्या निगुतीनं केली नसेल. दारामागचा चौकोन तेवढा सोडला.

त्यानंतरच्या माझ्या फेरीला मी तिच्या दारात उभा राहिलो. ऊन भाजत होतं. आत ओल्या मातीचा ताजा वास भरला होता. अंगणात दोरीवर एक जाड वाकळ वाळत होती, मधोमध ओली. मला हे सगळं आज जितकं स्पष्ट आठवतं तितकंच तेव्हाही दिसलं होतं.

मोठीमाय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. भिंतीला हात लावला नाही, तळवा बघितला नाही. लगेच म्हणाली, "च्या टाकू का?"

"ताप कोणाला?"

"कोनाले नाही. गावातच नाही यंदा कोनाले." ती माझ्याकडे बघत नव्हती.

जी बाई मला दर फेरीला चार घरांची नावं सांगायची, ती म्हणते, गावात ताप नाही. भर उन्हाळ्यासारख्या उकाड्यात कोणी वाकळ पांघरतं, ती घामानं भिजते, आणि ती वाळत घालावी लागते. ताप शोधायचा पगार घेणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय दाखवायला हवं होतं? पण मी फुगलेला होतो. मनात म्हटलं, मरू दे, हिला विचारलं तर ही पुन्हा बियाणं काढील. मी आत वाकलो, लेक कुठे दिसत नाही तेही विचारलं नाही, चौकोनात तारीख टाकली, 'ताप नाही' असं लिहिलं, सही केली आणि चहा न घेता निघालो.

चार दिवसांनी बीबीच्या बाजारात मोठीमायची शेजारीण भेटली. पालेभाजी निवडतानिवडता ती हसत म्हणाली, "भाऊ, तुमची मोठीमाय येडी झाली. पोटुशी लेक, अन तिले दिसाआड वावरात घेऊन जाते. कापूस वेचाले म्हन्ते. अंधारात निघते अन नाल्याच्या आडवाटेनं जाते."

"दिसाआड?"

"हाव. काल नव्हती गेली. आज गेली."

मी बोटं मोजली. आज, परवा, त्याच्या आधी मी त्या दारात उभा होतो तो दिवस. सायकल काढली आणि काळ्या मातीच्या गाडीवाटेनं निघालो. सूर्य डोक्यावर यायला फार वेळ नव्हता. वाटेत दोनदा पडलो. झोळी छातीशी धरली होती, गोळ्यांचा डबा फुटू नये म्हणून.

तिचं वावर नाल्यापलीकडे. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली. आत गेलेलं माणूस चार हातांवरून दिसणार नाही. हाक मारावी तर तिचा नियम मला ठाऊक होता. नाव घेतलं तर ती लेकीला घेऊन आणखी आत सरकेल. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहिलो आणि कान दिले.

वारा पडलेला. पाखरू नाही. आणि कुठून तरी बांगड्या वाजत होत्या. हातानं काम करताना वाजतात तशा नाही, थांबून थांबून नाही. सारख्या, बारीक, न थांबता. पहिलटकरणीच्या हातभर हिरव्या बांगड्या. मी त्या आवाजाच्या रोखानं ज्वारीत घुसलो. पानं तोंडाला कापत होती.

मचाणाखाली वाकळीत गुंडाळलेली ती पोर पडली होती. दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. मोठीमाय तिच्या अंगावर आडवी पडून तिला दाबून धरत होती, तरी बांगड्या थांबत नव्हत्या. मला बघून ती उठली आणि मधे येऊन उभी राहिली.

"इथी कोनी नाही," ती कुजबुजली. "चालला जाय."

"कितवी पाळी आहे?"

"चौथी. हळू बोल."

"मोठीमाय, गोळ्या देऊ द्या."

"नाही. दोन जिवाचं रक्त हाय, सुई लावू देनार नाही. अन तुह्यी गोळी गरम. पोटातलं पडन."

"गोळी नाही पाडत, ताप पाडते!" मी केव्हा साहेबी मराठी सोडली आणि घरच्या बोलीवर आलो, मला कळलं नाही. "तू साऱ्या गावाले गोळ्या घ्याले लावतं, अन तुह्या लेकीले नाही? सुई नाही टोचत. साहेबाले मी पाहून घेतो. निसत्या गोळ्या दे तिले. मोठीमाय, तुह्या पाया पडतो."

मी खरोखर वाकलो. तिनं मला धरलं. तिचे हात गार होते. ती घाबरली होती, आणि तिला घाबरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी तर तिच्याहून जास्त घाबरलो होतो.

"आधी तू खाय," ती म्हणाली.

मी डबा उघडला आणि एक गोळी पाण्याशिवाय चावून खाल्ली. तोंड कडूजहर झालं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. शेवटी वाकळीतून एक हात बाहेर आला, थरथरणारा, बांगड्यांसकट.

"दे भाऊ," लेक म्हणाली. "माय, सरक."

पहिल्या गोळ्या उलटून पडल्या. मोठीमाय माझ्याकडे बघत होती, जणू मी आता काय बोलतो त्यावर सगळं अवलंबून होतं. अर्ध्या तासानं पुन्हा दिल्या, एकेक करून, मडक्यातल्या पाण्याच्या घोटाबरोबर. त्या राहिल्या. मग हुडहुडी ओसरली आणि अंग तव्यासारखं तापलं. आम्ही दोघं आळीपाळीनं पदराचं फडकं भिजवून तिच्या कपाळावर ठेवत होतो. दिवस कलल्यावर तिला घाम फुटला आणि ती झोपली. मी तिथेच मातीत बसलो.

खरी परीक्षा पाचव्या पाळीची होती. त्या दिवशी मी फेरी सोडून तिच्या वावरात गेलो. मोठीमायनं लेकीला तिथेच आणलं होतं, मचाणाखाली. आम्ही तिघंही बसलो. सूर्य डोक्यावर आला. मी त्या हिरव्या बांगड्यांकडे बघत होतो, मोठीमायही त्यांच्याकडेच बघत होती. सूर्य कलला. बांगड्या वाजल्या नाहीत. मोठीमायनं फडक्यातून भाकर आणि ठेचा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "असन बाप्पा. तुह्यी गोळी खरी निघाली." आणि ती रडली. मी भाकर खाल्ली. इतकी गोड भाकर मी पुन्हा खाल्लेली नाही.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या फेरीला मी हसतहसत तिच्या अंगणात शिरलो. बाळंतपण आधीच उरकलं होतं. आठवा लागलेला, अचानक कळा आल्या, सुईणीला बोलवायलाही वेळ मिळाला नाही. मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढी. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ती होती.

लेक वाचली. भिंतीकडे तोंड करून निजली होती. मोठीमायनं मला हाताला धरून त्या खोलीत नेलं. रडत नव्हती. दार लोटून तिनं थोडा अंधार केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. डोळे सरावल्यावर मला दिसलं. तिच्या सुंदर पांढऱ्या पोताऱ्यावर, त्या अर्धवर्तुळांवर, जागोजाग डास बसले होते. स्वस्थ, पाय रोवून.

"आता इथी पाह्य," ती म्हणाली. दारामागच्या चौकोनाखाली जमीन सारवलेली होती, आणि तिथे काळे ठिपके पडले होते. मेलेले डास. "पाच दिवस झाले, मी बसून पाहून राह्यली. साऱ्या भितीवर बसते अन उडून जाते. ह्या चौकोनावर बसलं का लडखडते अन खाली पडते. दुसरीकडं एक नाही मरत." ती थांबली. "बी मातीखाली उगवते बाप्पा. औषध नाही उगवत."

मी त्या ठिपक्यांकडे वाकून बघत राहिलो.

"मी पुसलं," मोठीमाय म्हणाली. "माह्या हातानं पुसलं."

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळलं असेल. मी म्हणायला हवं होतं, मोठीमाय, मी ओल्या मातीचा वास घेतला होता. मी ती वाकळ पाहिली होती. दोन पाळ्या आधीच गोळ्या देता आल्या असत्या. ते मी म्हणालो नाही. माझं वय लहान होतं, नोकरी नवी होती, आणि ती सगळा दोष आपल्या अंगावर घेत होती, तो मी तिला घेऊ दिला. ही लाज मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मोठीमाय त्यानंतर बदलली असं लोक म्हणतात. मला वाटतं, तिचा हात तोच राहिला, त्याचं काम बदललं. फवारणीची टोळी गेली की ती घरोघर जायची, भिंतीवर तळवा टेकायची आणि उलटा करून बघायची. आता ती ओल बघत नव्हती. तळव्यावर पांढरी भुकटी आली तर ठीक. नाही आली तर त्या घरच्या बाईची खैर नसे. "पुसलंस ना? काऊन पुसलंस? लाज नाही वाटत?" जिच्याकडून सगळ्या बाया पोतारा शिकल्या तीच आता पोताऱ्याला आडवी उभी होती. दोन-तीन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

मग तिनंच तोड काढली. "तुमची टोळी येनार कवा, ते आधी सांगत जा. आम्ही आधी पोतारून ठेवतो. मंग तुम्ही किती बी डाग पाडा." मी हे साहेबांना सांगितलं. ते आधी हसले, पण पुढच्या वर्षापासून त्या गावाला तारीख कळवू लागले. गावानं दसऱ्याचा पोतारा पोळ्याच्या आधी आणला. दिवाळीत त्या गावाच्या भिंती डागाळलेल्या असत आणि आसपासची गावं चेष्टा करत. मोठीमाय म्हणायची, "असन बाप्पा. आमच्या भिती मळक्या हायेत. आमची लेकरं घरी हायेत."

लेक दुसऱ्या खेपेला त्याच खोलीत बाळंत झाली. ओघळ आणि डाग असलेल्या भिंतींमधे. मुलगा झाला, मग एक मुलगी.

माझी बदली झाली, मग दुसरी झाली. पत्र लिहायचं म्हणून राहिलं. लोणारला कामाला गेलो असताना एस.टी. स्टँडवर त्या गावचा एक माणूस भेटला आणि म्हणाला, मोठीमाय गेली, उद्या तेरावा. म्हातारपणानं गेली, झोपेत. मी त्याच गाडीनं गेलो. काय सांगायचं ते वाटेत पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होतो. पण जिला सांगायचं तीच आता उरली नव्हती.

तेराव्याच्या आधी घर शुद्ध करतात, भिंती पोतारतात. मी पोचलो तेव्हा लेक मधल्या खोलीत उभी होती, कोपरापर्यंत मातीनं भरलेल्या हातांनी. तिचे केस पिकले होते. हात मात्र आईचाच. कोपऱ्यापासून एका दमात अर्धवर्तुळं. दारामागे आली तेव्हा ती थांबली आणि कडेकडेनं सरळ रेषेत हात फिरवू लागली.

तो चौकोन तिथेच होता. दरवर्षी टोळी नवा छापायची, पण मोठीमायनं हा जुना राखलेला. गेरू फिका झालेला, पण अक्षरं वाचता येत होती. त्यात माझी तारीख होती. 'ताप नाही.' खाली माझी सही.

"मायनं सांगून ठेवलं होतं," लेक म्हणाली. "चौकोन सोडून पोतारजो म्हने."

"का?"

ती हात पुसत राहिली. सांगावं की नाही, असा तिचा चेहरा झाला होता. "माय म्हने, मलेरियावाल्या भाऊनं त्या दिशी वाकळ पाह्यली होती. तिनं पाह्यलं, तुम्ही पाहून राह्यले ते. तुम्ही एक डाव इचारलं असतं तं म्या सांगून टाकलं असतं, म्हने. तोंडाशी आलं होतं तिच्या."

मी त्या सहीकडे वाकलो.

"पन त्याले कधी म्हनू नको, म्हने. त्याले लय वाईट वाटन. पोरगं हाय."

माझा तळवा ओल्या मातीवर टेकला होता. मी तो काढला आणि उलटा करून बघितला.